निर्धूर वाहन आणि गावाची माती

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



गावात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूची पहिली परीक्षा गावच्या शाळेत होत असते. पिठाची गिरणी आली, रेडिओ आला, विहिरीवर विजेचा पंप बसला, तेव्हा मोठी माणसे त्या वस्तूची किंमत विचारीत राहिली; ती चालते कशी, हा प्रश्न मात्र मुलांनी विचारला आणि तो गुरुजींनाच विचारला. आज खेड्यातील रस्त्यांवर विजेवर चालणारी दुचाकी दिसू लागली आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत विजेवरील तीनचाकी रिक्षा उतारू वाहून नेत आहेत. काही मार्गांवर एस. टी. महामंडळाची विजेवरील बसही धावत आहे. अशी गाडी शाळेच्या फाटकावरून आवाज न करता निघून गेली म्हणजे एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच, "गुरुजी, हिला धूर का नाही?"

"ती विजेवर चालते म्हणून," हे उत्तर खरे आहे. परंतु ते अर्धेच आहे. त्या उत्तरापाशी न थांबणारा मुलगा पुढे विचारील, "मग तो धूर गेला कुठे?" आणि त्याहूनही चौकस मुलगी विचारील, "हिची बॅटरी जुनी झाली म्हणजे तिचे काय करतात?" हे तीन प्रश्न म्हणजेच आजच्या विषयाच्या तीन पायऱ्या होत. ग्रामीण भागात विजेच्या वाहनांमुळे हवा, पाणी आणि माती ह्यांवर काय परिणाम होतो, ह्याचा विचार ह्याच क्रमाने करणे सोयीचे होईल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळेतील बालकांच्या बुद्धीशी थेट जाऊन भिडते, म्हणून त्या प्रश्नाला अधिक वेळ देणे आवश्यक आहे.

प्रथम ह्या वाहनाची थोडी ओळख करून घ्यावी. विजेची गाडी ही सर्वस्वी नवी कल्पना नव्हे. १८५९ साली गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पुन्हा पुन्हा भरता येईल असा शिशाचा विद्युत्घट तयार केला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मोठ्या शहरांतून विजेच्या गाड्या मोठ्या संख्येने फिरत होत्या. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, इंजिन कळीने चालू करण्याची सोय निघाली, आणि जड व लवकर उतरणाऱ्या बॅटरीची गाडी मागे पडली. १९९१ साली लिथियम-आयन जातीची हलकी बॅटरी बाजारात आली आणि चित्र पालटू लागले. ह्या बॅटरीच्या संशोधनाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आजच्या बहुतेक नव्या दुचाकींत व बसगाड्यांत हीच बॅटरी असते. कमी किमतीच्या पुष्कळशा ई-रिक्षा मात्र अद्याप त्या जुन्या शिशाच्या बॅटरीवरच चालत आलेल्या आहेत. हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. कारण पुढील विवेचनाचा बराचसा भार ह्याच भेदावर आहे.

आता पहिला प्रश्न. ह्या गाडीला धूर नाही, कारण तिच्या पोटात काही जळतच नाही. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनात इंधन जळते आणि त्याबरोबर काजळीचे सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे इत्यादी पदार्थ बाहेर पडतात. डिझेलच्या धुरामुळे मनुष्यास कर्करोग होतो, असा स्पष्ट निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. खेड्यातील हवा मोकळी असते, तेथे धुराचा त्रास तो काय, असे कोणी म्हणेल. परंतु बसथांब्यावर तासन् तास उभी राहणारी मुले, आठवड्याच्या बाजारात टपांच्या रिक्षांमध्ये बसलेल्या भाजीवाल्या बाया, रस्त्याला लागूनच असलेल्या शाळेचे वर्ग ह्यांचा विचार केला, तर त्या मोकळ्या हवेतही धूर नेमका नाकाशीच येतो असे दिसून येईल. विजेचे वाहन हा त्रास तेथल्या तेथे नाहीसा करते. तिचा हा गुण निर्विवाद आहे आणि तो मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

ह्या संदर्भात एस. टी. च्या बसचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर ह्यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्याच तारखेला, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरील बस सुरू झाली. (अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर असे झाले आहे.) एक बस चाळीस-पंचेचाळीस माणसांना नेते. तेवढी माणसे आपापल्या दुचाकीवर निघाली, तर तितक्याच बॅटऱ्या, तितकेच टायर आणि तितकेच पोलाद खर्ची पडते. म्हणून गावाच्या हवेचा विचार करताना शंभर घरांत शंभर विजेच्या दुचाकी आल्या की नाही, ह्यापेक्षा गावात वेळेवर येणारी बस विजेवर चालते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि सायकल व पाय ही दोन वाहने ह्या सर्वांहून निर्मळ आहेत, हे शाळेत पायी येणाऱ्या मुलाला अभिमानाने सांगण्यास काहीच हरकत नाही.

आता दुसरा प्रश्न: धूर गेला कुठे? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी गावातील विजेच्या तारेचा माग काढीत जावे. ती तार रोहित्रापाशी जाते, तेथून उपकेंद्राकडे, आणि अखेरीस एखाद्या विद्युत केंद्राकडे. आपल्या देशातील विजेपैकी दोन तृतीयांशाहून अधिक वीज आजही कोळसा जाळून निर्माण होते. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी ही नावेही सर्वांच्या परिचयाची आहेत. तेथील धुराड्यांतून धूर निघतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ असते; सामान्यतः तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक राखच असते. ती राख पाण्यात कालवून तळ्यांत साठवितात. उन्हाळ्यात ती उडते, पावसाळ्यात वाहते, आणि तिचा जाच त्या तळ्याकाठच्या खेड्यांना होतो. म्हणजे एका गावच्या रस्त्यावरून नाहीसा झालेला धूर दुसऱ्या गावच्या शिवारात जाऊन उतरतो. हे सत्य विद्यार्थ्यापासून लपवून ठेवणे योग्य नाही. स्वच्छता म्हणजे आपल्या अंगणातील केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणे नव्हे, हा नागरिकशास्त्राचा पाठ येथे आपोआप शिकविला जातो.

मग विजेच्या वाहनाने काहीच साधत नाही काय? तसेही नाही. ह्याचा निवाडा अंकगणिताने होऊ शकतो, आणि ते अंकगणित सातवीच्या वर्गातील मुलास सहज करता येईल असे आहे. एक पेट्रोलची दुचाकी एका लिटरमध्ये ५० किलोमीटर जाते असे धरावे. १०० किलोमीटरना २ लिटर पेट्रोल लागेल. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. म्हणजे एकूण ४.६ किलो झाला. तशाच विजेच्या दुचाकीला १०० किलोमीटरसाठी सुमारे ३ युनिट वीज लागते. तारांमधून व बॅटरी भरताना होणारी गळती एक पंचमांश धरली, तर विद्युत केंद्रात ३.७५ युनिट निर्माण करावे लागतील. देशातील विजेच्या एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गुणाकार केला म्हणजे सुमारे २.६ किलो येतो. ४.६ मधून २.६ वजा जाता १०० किलोमीटरमागे २ किलोची बचत झाली. धूर सर्वस्वी नाहीसा झाला नाही; परंतु तो निम्म्याच्या जवळपास आला.

ह्या गणिताला आणखी एक पायरी जोडली पाहिजे. बॅटरी तयार होतानाच बरीच ऊर्जा खर्च झालेली असते. लिथियम बॅटरीच्या प्रत्येक युनिट क्षमतेमागे सुमारे १०० किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर दुचाकीच्या ३ युनिट क्षमतेच्या बॅटरीवर ३०० किलोचे कर्ज प्रथमपासूनच असते. १०० किलोमीटरमागे २ किलो फिटतात, म्हणजे ३०० किलो फिटण्यास १५,००० किलोमीटर चालावे लागेल. एखादा शिक्षक शाळेत जाण्यायेण्यासाठी रोज २० किलोमीटर गाडी चालवीत असेल आणि वर्षातून २५० दिवस जात असेल, तर वर्षाचे ५,००० किलोमीटर होतात. कर्ज फिटण्यास तीन वर्षे लागतील. बॅटरी आठ वर्षे टिकली तर पुढील पाच वर्षे निव्वळ लाभाची. तीच बॅटरी निष्काळजीपणामुळे तीन वर्षांतच निकामी झाली, तर निसर्गाच्या वहीत जमा काहीच उरत नाही. ह्यावरून दोन निष्कर्ष निघतात. विजेचे वाहन घेणे ही अर्धीच गोष्ट असून ते दीर्घकाळ टिकविणे ही उरलेली अर्धी गोष्ट होय. आणि जे वाहन कोपऱ्यात उभे राहते, त्याचा निसर्गाला उपयोग होत नाही. जे रोज चालते, त्याचाच होतो.

वरील ०.७ हा आकडा काही शिळेवर कोरलेला नाही. वीज कोठून येते त्याप्रमाणे तो बदलतो. कोयनेच्या प्रकल्पात पाण्यापासून १,९६० मेगावॉटपर्यंत वीज निर्माण होऊ शकते; तेथे कोळसा जळत नाही. शेतीला दिवसा सौर वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून पुढे आले. अशा गावात दुपारी उन्हाच्या विजेवर भरलेली दुचाकी आणि रात्री कोळशाच्या विजेवर भरलेली दुचाकी दिसावयास सारखीच. परंतु त्यांचा हिशेब सारखा नाही. म्हणून जेथे सौर वीज आहे, तेथे गाडी शक्यतो दिवसा भरावी, हा साधा नियम गावात रुजविण्यासारखा आहे.

विजेचे वाहन आले म्हणजे निसर्गाचे सर्व प्रश्न सुटले, असे समजणाऱ्यांनी माथेरानचे उदाहरण पाहावे. रायगड जिल्ह्यातील हे गिरिस्थान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले. तेथे मोटारींना बंदी असल्यामुळे माणसाने माणसाला ओढावयाच्या हातरिक्षा वर्षानुवर्षे चालू राहिल्या. ही अमानुष प्रथा बंद व्हावी, म्हणून ई-रिक्षांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ साली तेथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करून ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. रिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्याबरोबर दुसरा वाद उभा राहिला तो रस्त्याचा. माथेरानची वाट तांबड्या मातीची. चाकांसाठी तिच्यावर फरसबंदी केली, तर पाणी जिरणार कसे आणि झाडांची मुळे श्वास घेणार कशी, असा प्रश्न विचारला गेला. आणि न्यायालयाला रस्त्याच्या फरसबंदीच्या मर्यादाही ठरवून द्याव्या लागल्या. वाहन निर्धूर असले तरी त्याला रस्ता लागतो, आणि रस्त्याखाली माती असते, हे त्या प्रकरणाने शिकविले.

आता तिसऱ्या आणि सर्वांत जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे वळावयाचे. बॅटरी जुनी झाली म्हणजे तिचे काय होते?

एका ई-रिक्षेत सामान्यतः शिशाच्या चार बॅटऱ्या असतात. त्यांतील प्रत्येकीचे वजन पंचवीस-तीस किलोच्या घरात असते, आणि त्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. रोज भरून रोज रिकाम्या होणाऱ्या ह्या बॅटऱ्या थोड्याच वर्षांत, कित्येकदा वर्षा-दीड वर्षातच, निकामी होतात. त्या फुकट जात नाहीत. शिशाला भाव असतो. भंगारवाला त्या विकत घेतो. त्या सर्वच शास्त्रशुद्ध कारखान्यात पोचल्या असत्या, तर चिंतेचे कारण नव्हते. कारण शिसे पुन्हा पुन्हा वापरता येते आणि तसे वापरणे हे खाणीतून नवे काढण्यापेक्षा केव्हाही चांगले. परंतु शिसे केवळ ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. साध्या भट्टीवर, एखाद्या परसातील लोखंडी कढईतही ते वितळू शकते. हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. बॅटरी कुऱ्हाडीने फोडावयाची, आतील गंधकाम्ल ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतावयाचे, पत्रे कढईत टाकून शिसे गाळावयाचे आणि लगड विकावयाची, असा धंदा अनेक देशांत वस्त्यांच्या कडेला चालत आलेला आहे. त्या भट्टीचा धूर आणि त्या अंगणातील धूळ ह्यांच्या रूपाने शिसे गावात पसरते. ते सडत नाही, विरत नाही. एकदा मातीत उतरले की वर्षानुवर्षे तेथेच राहते.

ह्याचा परिणाम काय होऊ शकतो, ह्याचे एक भीषण उदाहरण जगापुढे आहे. आफ्रिकेतील सेनेगल देशाच्या डाकार ह्या राजधानीलगत थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तेथे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा उद्योग चाले. जमिनीत मुरलेल्या शिशालाही किंमत येते असे कळल्यावर ती माती पिशव्यांत भरून घरोघर नेण्यात आली आणि चाळण्यात आली. घरातील बायका माती चाळीत बसत, मुले जवळ खेळत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ ह्या काळात त्या वस्तीत अठरा बालके मृत्यू पावली. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तपास केला, तेव्हा तेथील मुलांच्या व त्यांच्या मातांच्या रक्तात शिशाचे प्रमाण अत्यंत मोठे आढळले. त्या मातांनी काही पाप केले नव्हते. त्या चार पैसे मिळवीत होत्या. आपण चाळतो आहोत ती माती आपल्या लेकराच्या पोटात जात आहे, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

मृत्यू हे टोकाचे उदाहरण झाले. शिक्षकाने विचार करावयाचा तो मृत्यूपूर्वीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या हानीचा. बालकाच्या शरीरात शिसे अल्प प्रमाणात गेले तरी ते मेंदूच्या वाढीत व्यत्यय आणते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर जेवढे शोषून घेते, त्याच्या चार-पाच पट बालकाचे शरीर शोषून घेते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी बालकास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे तीन बालकांमागे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि जुन्या बॅटऱ्यांची अशास्त्रीय मोडतोड हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून त्या अहवालात दाखविले आहे. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. धुराड्यातून शिसे काढून टाकण्यास इतकी वर्षे लागली. तेच शिसे बॅटरीच्या मार्गाने पुन्हा अंगणात येऊ देणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

समजा, चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. पहिलीत तो तरतरीत होता. आता त्याचे लक्ष लागत नाही. केलेला पाढा तो दुसऱ्या दिवशी विसरतो. पोट दुखते म्हणून दुपारी डोके टेकून बसतो. रंगाने फिकट दिसतो, क्षुल्लक कारणावरून मारामारी करतो. वर्गात त्याला 'मठ्ठ' म्हणू लागतात आणि हळूहळू तो ते नाव खरे मानू लागतो. ह्या लक्षणांची कारणे अनेक असू शकतात. जंत असतील, उपासमार असेल, घरातील कलह असेल. परंतु त्याचे वडील किंवा चुलते घराच्या पडवीत बॅटऱ्या फोडीत असतील, तर हेही एक कारण संभवते, आणि गावात त्या मुलाच्या घरची हकीकत व वर्गातील हकीकत ह्या दोन्ही जाणणारा माणूस बहुधा एकच असतो. तो म्हणजे त्याचा शिक्षक. शिशाने झालेली मेंदूची हानी भरून निघणे कठीण. म्हणून ती होऊ न देणे हाच खरा उपाय. आणि तो उपाय औषधांच्या कपाटात नसून गावकऱ्यांच्या माहितीत व सवयीत आहे.

लिथियम बॅटरीत शिसे नसते. ह्या दृष्टीने ती जुनीपेक्षा बरी. परंतु तिचीही दुसरी बाजू आहे. तिच्या काही प्रकारांत कोबाल्ट लागते. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो देशातून येते आणि तेथील काही खाणींत लहान मुले काम करीत असल्याचे वारंवार उघडकीस आले आहे. लिथियम हे चिलीतील अटाकामाच्या वाळवंटात जमिनीखालचे खारे पाणी उपसून, उन्हात आटवून मिळवितात. जेथे पाण्याचा थेंब दुर्मिळ, तेथे हा उपसा चालतो. निकामी झालेली लिथियम बॅटरी फोडली, तर ती पेट घेऊ शकते आणि तिच्यातून विषारी वायू निघतात. लोह व फॉस्फेट वापरून केलेल्या बॅटरीत कोबाल्ट नसते, हे चांगले. पण त्यामुळेच तिच्या भंगाराला किंमत कमी येते, आणि ती उकिरड्यावर पडण्याचा संभव वाढतो.

ह्या सर्वांविषयी कायदा नाही असे नव्हे. केंद्र सरकारने २४ ऑगस्ट २०२२ रोजी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जारी केले. बॅटरी तयार करणाऱ्याने ती निकामी झाल्यावर परत गोळा करण्याची व तिचा शास्त्रीय पुनर्वापर करविण्याची जबाबदारी घ्यावी, असे ते नियम सांगतात. वापरणाऱ्यानेही ती इतर केरकचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी द्यावयाची असते. बॅटरीवर कचराकुंडीचे चित्र व त्यावर फुली अशी खूण छापलेली असते. तिचा अर्थ, ही वस्तू उकिरड्यावर टाकू नये. ज्या मुलाला अद्याप नीट वाचता येत नाही, त्यालाही ही खूण ओळखता येईल. कायदा राजपत्रात छापला जातो; तो गावाच्या अंगवळणी पाडण्याचे काम मात्र अशा लहान लहान खुणांनीच होते.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या म्हणून सांगणे अगत्याचे आहे. पहिली बॅटरी भरण्याविषयी. खेड्यातील पुष्कळ घरांत अर्थिंग नसते किंवा निकामी झालेले असते. जोडतारा जुन्या असतात. अशा घरात निजण्याच्या खोलीत, दारातच गाडी उभी करून रात्रभर भरीत ठेवणे धोक्याचे आहे. गाडीबरोबर मिळालेलाच चार्जर वापरावा, गाडी मोकळ्या व कोरड्या जागी भरावी, आणि बाहेर पडण्याची वाट अडवू नये. दुसरी गोष्ट आवाजाविषयी. आजवर गावच्या मुलाला गाडी डोळ्यांआधी कानांना कळे. ही गाडी मंद गतीने येते तेव्हा जवळजवळ नि:शब्द असते. शांतता हा पर्यावरणाचा लाभच होय. तथापि रस्ता ओलांडताना केवळ कानांवर विसंबू नये, दोन्ही बाजूंना पाहावे, हा जुना धडा आता नव्याने घोटून घ्यावा लागेल. गोठ्यातील जनावरे आणि दृष्टिहीन माणसे ह्यांच्याकरिता चालकाने वस्तीत भोंगा वाजविण्यास अनमान करू नये.

मग प्राथमिक शिक्षकाने प्रत्यक्ष काय करावे? त्याच्यावर कामांचा भार आधीच पुष्कळ आहे. म्हणून नवा उपक्रम म्हणून नव्हे, तर चालू पाठांतच बसतील अशा काही गोष्टी सुचविणे इष्ट होईल.

परिसर अभ्यासाच्या तासाला मोठ्या वर्गातील मुलांकडून गावातील बॅटऱ्यांची गणना करवावी. विजेच्या गाड्या किती, ट्रॅक्टर किती, मोटारसायकली किती, घरगुती इन्व्हर्टर किती, सौर दिवे किती, ह्यांचा तक्ता करावा. कोणत्याही बॅटरीस हात न लावता, केवळ विचारून ही माहिती मिळवावी. शेवटचा रकाना "जुनी बॅटरी कोठे गेली?" असा ठेवावा. शिशाच्या बॅटऱ्या विजेच्या गाड्यांपूर्वीपासून गावात आहेत, हे त्या तक्त्यावरून आपोआप दिसून येईल, आणि सगळा दोष नव्या वाहनाच्या माथी मारण्याची चूक होणार नाही. गणिताच्या तासाला वर दिलेला हिशेब मुलांच्याच गावचे अंतर घेऊन सोडवावा.

शालेय पोषण आहारापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय तर शाळांतून आहेच. मातीतून तोंडात जाणारे शिसेही त्या सवयीने काही अंशी टळते, हे कारण मुलांना सांगावे. लोह व कॅल्शियम ह्यांनी युक्त असा पोटभर आहार मिळणाऱ्या मुलाच्या शरीरात शिसे कमी शोषले जाते. म्हणून हिरवी भाजी, नाचणी, दूध ह्यांचे महत्त्व येथेही आहे. जुन्या बॅटरीशी खेळू नये, तिच्या काळ्या पत्र्यांना हात लावू नये, हे लहान वर्गांतही बजावावे.

पालकसभेत व शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय एकदा तरी काढावा. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच विक्रेत्यास परत करावी आणि तशी पावती घ्यावी, एवढी एक गोष्ट गावाने पाळली तरी पुष्कळ साधेल. गावाच्या हद्दीत वस्तीजवळ शिसे गाळण्याची भट्टी असेल, तर ती गोष्ट ग्रामसभेपुढे ठेवावी. हे करताना भंगाराचा धंदा करणाऱ्या माणसाची हेटाळणी होऊ देऊ नये. तो गरीब असतो, आणि त्या धुराचा पहिला बळी तो स्वतःच असतो. कामाचे कपडे घरात आणू नयेत, आंघोळ करूनच लेकराला उचलून घ्यावे, एवढे त्याला आपुलकीने सांगितले तर तो ऐकतो. दरडावून सांगितले तर तो भट्टी रात्री पेटवितो.

आणि ज्या मुलाविषयी शंका वाटेल, त्याचे नाव शालेय आरोग्य तपासणीच्या पथकापुढे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे ठेवावे, व घरी बॅटरीचे काम चालते ही माहिती आवर्जून सांगावी. डॉक्टरला मुलाचा फिकटपणा दिसतो. त्याच्या घराची पडवी दिसत नाही. ती शिक्षकाला ठाऊक असते.

विजेचे वाहन खेड्यात येणार, हे आता निश्चित झाले आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. त्याने बसथांब्यावरची हवा सुधारेल, माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरेल, आणि वीज जसजशी उन्हा-पाण्याची होत जाईल, तसतसा त्याचा लाभ वाढत जाईल. आंधळेपणाने त्याचे गुणगान करण्याचेही कारण नाही. गाडी कशी भरावी, किती वर्षे टिकवावी आणि अखेरीस तिची बॅटरी कोणाच्या हाती द्यावी, ह्या तीन गोष्टी ज्या गावाला कळल्या, त्या गावाला ते वाहन वरदान ठरेल. ज्याला कळल्या नाहीत, त्याच्या रस्त्यावरचा धूर जाईल आणि मातीत शिसे उरेल.

"गुरुजी, हिला धूर का नाही?" ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी वर्गात पाच मिनिटे पुरेशी आहेत. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी थोडा अधिक वेळ लागेल. तो वेळ शिक्षकांनी अवश्य द्यावा, कारण त्या उत्तरावर एखाद्या बालकाची पाढे पाठ करण्याची शक्ती अवलंबून असण्याचा संभव आहे.